ट्रुमन स्वतः गाडी चालवत घरी गेले? तो फॉरवर्ड अर्धाच खरा

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय, की अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन पद सोडल्यावर बायकोला घेऊन स्वतः गाडी चालवत मिसुरीला परतले आणि मरताना त्यांच्याकडे राहत्या घराशिवाय काहीच नव्हतं. अहो, २० जानेवारी १९५३ ला ते दोघं ट्रेनने गेले! गाडीने फिरले ते त्याच वर्षी उन्हाळ्यात, क्रायस्लर घेऊन, आणि बॉडीगार्डशिवाय, एवढं मात्र खरं. घर होतं बायकोच्या माहेरचं. आठवणी लिहायचे ६ लाख डॉलर ठरलेले, शेतजमीनही विकली, म्हणजे अगदी फकीर वगैरे नव्हते. पेन्शनचा कायदा १९५८ चा, त्याआधी माजी अध्यक्षांना ती नव्हतीच, तेवढा मुद्दा बरोबर.

साधेपणाचं कौतुक करा की, पण मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स या त्यांच्या गावच्या म्युझियममध्ये नुसतं कौतुक नाहीये. ट्रुमननी हिरोशिमावर टाकायला लावलेल्या अणुबॉम्बमुळे पुढे आजारी पडून गेलेल्या सादाको या मुलीने घडी घातलेला कागदी क्रेन (करकोचा) तिथे आहे. आणि ट्रुमनच्याच काळातल्या कोरियाच्या युद्धात मुलगा गमावलेल्या एका बापाने रागाने परत पाठवलेलं मुलाचं मेडल, सोबत चार ओळींचं जळजळीत पत्र. ट्रुमन गेल्यावर हे मेडल आणि पत्र त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सापडलं, म्हणजे माणसाने ते इतकी वर्षं हाताशी जपून ठेवलेलं. फॉरवर्डवाल्याने हे का नाही लिहिलं कोण जाणे, मला तर त्या गाडीपेक्षा हेच जास्त लागलं.