चार खोल्या, एक नंबर

ज्या पिढीने फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिचं एका फोनवर भागणं शक्यच नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या घरी फोन आला आणि बाबांनी लगेच वायरमनला हाताशी धरून घरभर पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचे जादा फोन, काढले. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, वरच्या मजल्यावर आजोबांच्या उशाशी एक आणि मधल्या खोलीत एक. मधल्या खोलीत कशासाठी, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. नंबर एकच, पण रुबाब कचेरीचा. आत्या लग्नाचं काही नाजूक बोलायला लागली की वरच्या मजल्यावरून आजोबांचा खोकला ऐकू यायचा, आणि आत्या तिकडे फोनवरच डोक्यावर पदर घ्यायची म्हणे.

2010 च्या सुमारास याच तारांवरून ब्रॉडबँड आलं. मॉडेमवरचा हिरवा दिवा स्थिर असला की घरात शांतता, लुकलुकला की माझ्या नावाने हाका. बरं, तो लुकलुकायची वेळही मोठी नेमकी. तेव्हा रेल्वेचं तत्काळ सकाळी आठला उघडायचं. चार जणांची नावं, वयं, आईसाठी खालचा बर्थ, सगळं भरून पैसे भरायच्या पानावर पोचावं आणि मावशीचा फोन वाजावा. मावशीला आठचीच वेळ सोयीची, कारण काका तेव्हा पूजेला बसतात. घंटी वाजली की दिवा गेला, दिवा गेला की बर्थ गेला. आई मात्र निवांत, ‘अगं बोल, मी मोकळीच आहे.’

तक्रार केंद्राने मॉडेम बंद करून चालू करायला सांगितलं. तिथे पोटदुखीलाही हेच सांगत असावेत. मग लाइनमन आला. खांद्यावरचा टेस्टिंगचा फोन काढून त्याने पोर्चमधल्या रोझेटला, म्हणजे तारा जोडायच्या छोट्या खोक्याला, चिमटे लावले आणि समाधानाने मान हलवली. ‘इथपर्यंत लाइन क्लिअर आहे साहेब. आतलं सगळं तुमचं. हे पॅरलल आधी काढून टाका.’

हे तो नेमकं बाबांसमोर बोलला. बाबांनी त्याला चहा विचारला नाही, यावरून काय ते समजा.

पण माणूस खरं बोलत होता. आपलं बोलणं तारेवर 4 किलोहर्ट्झच्या आत उरकतं. इंटरनेट त्याच तारेवर 25 किलोहर्ट्झच्या वर चालतं. दोघांची गाठ पडू नये म्हणून स्प्लिटरची पांढरी डबी असते. आमची डबी हॉलमध्ये होती आणि बाकीचे पॅरलल तिच्या आधीच, पोर्चमध्येच फुटलेले. म्हणजे हॉलचा फोन शिस्तीत आणि बाकीचे मोकाट. त्यात घंटी वाजवायला एक्स्चेंज त्याच तारेवर 75 व्होल्टच्या आसपास सोडतं. मावशीचा जोर निराळाच.

एका रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन रोझेटपाशी बसलो. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं की मॉडेम आपली कुंडली उघडून दाखवतो. त्यातला एसएनआर मार्जिन, म्हणजे तारेवरच्या गोंगाटात सिग्नल टिकायला हाताशी उरलेली शिल्लक, 6 डेसिबलच्या खाली घसरला की लाइनचा भरवसा संपला. सगळे पॅरलल सोडवले तेव्हा आकडा 14 होता. स्वयंपाकघर जोडलं, किंचित उतरला. आजोबांची खोली जोडली, आणखी थोडा. मधल्या खोलीची तार जोडली आणि तो धाडकन 5 वर आला.

‘पण तिथला फोन कधीच काढलाय!’ बाबा म्हणाले.

फोन काढला होता, तार नव्हती. टोक मोकळं सोडलेल्या तारेत सिग्नल शिरतो, शेवटाला आपटतो आणि उलटा येऊन चांगल्या सिग्नलच्या अंगावर पडतो. तिचा माग काढत गेलो, तर ती दाराच्या चौकटीवरून, दर दिवाळीच्या ऑइलपेंटचे थर अंगावर घेत, लोखंडी कपाटामागे शिरलेली. कपाट सरकवायचं ठरलं तेव्हा आई केरसुणी घेऊनच आली. ‘सरकवताय तर मागचं झाडूनही घ्या.’ मागे भिंतीला ओल आलेली, आणि त्या ओलीत दोन उघडी टोकं एकमेकांना जवळजवळ टेकून पडलेली. तांबं हिरवं पडलं होतं. पावसाळ्यात नेट जास्त का जायचं, त्याचंही उत्तर तिथेच होतं.

तार कापायला बाबांची परवानगी मिळवणं हे मुख्य काम. ‘चालू तार कशाला कापायची?’ या प्रश्नावर विज्ञान चालत नाही. शेवटी ‘कापत नाही, रोझेटमधून फक्त सोडवून ठेवतो’ यावर तह झाला. स्प्लिटर पोर्चमध्ये आणला, मॉडेमला वेगळी तार ओढली आणि उरलेले सगळे फोन डबीच्या ‘फोन’ लिहिलेल्या तोंडाला जोडले. दुसऱ्या दिवशी आठला मावशीचा फोन आला, दिवा ढिम्म हलला नाही, आणि तिकीट मिळालं. वेटिंगचं, पण मिळालं.

बाबा चष्मा लावून बराच वेळ त्या डबीकडे बघत होते. ‘म्हणजे या भोकातून कितीही फोन काढले तरी तुझ्या नेटला काही होत नाही?’

‘नाही होत.’

‘मग गच्चीवर एक काढून घेऊ.’