नव्या खाणमालकास चार शब्द

अभिनंदन शेठ! लिलावात कोळशाचा पट्टा मिळाला म्हणे. खाण तिकडे झारखंडात, ऑफिस इथे नरिमन पॉइंटला एकविसाव्या मजल्यावर, खिडकीत समुद्र. खाली उतरायचा प्रश्नच मिटला.

सुरक्षेवर आधीपासून पैसे घालवू नका. कायद्यालाही घाई नसते, तो तेराव्याच्या जेवणाला येतो. इंग्लंडातल्या हार्टलीच्या खाणीला वर यायची वाट एकच होती. 1862 मध्ये पंपाची बिडाची तुळई तुटून नेमकी त्याच वाटेत कोसळली. खाली 204 जण अडकून मेले, त्यांत पोरंही होती. मग त्याच वर्षी पार्लमेंटला सुचलं की वाटा दोन हव्यात.

माणसं मरायचीच असतील तर सुटी सुटी मरू द्या. अमेरिकेत फुप्फुसात कोळसा साचून खोकत मरणारे कितीतरी होते, कोणी विचारलं नाही. 1968 मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत एकाच स्फोटात 78 गेले आणि पुढच्याच वर्षी कडक कायदा आला. खोकणाऱ्यांची भरपाईसुद्धा त्यातच.

वह्या दोन ठेवा. हे मी तुम्हाला काय शिकवणार, मशीद बंदरला उमेदवारी केलीत तुम्ही! वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच खाणीत धोके खरे लिहायची वही वेगळी, इन्स्पेक्टरला दाखवायची वेगळी. साहेब गेटवर आले की खाली वर्दी जायची. 2010 मध्ये स्फोट होऊन 29 मेले. कंपनीच्या प्रमुखाला एक वर्षाची कैद झाली, तेवढंच गालबोट.

आपल्याकडे तसं निवांत. धोरीच्या कोळसाखाणीत 1965 मध्ये 268 मेले. खासगी मालकांच्या असल्या हयगयीचं कारणही पुढे करत 1973 पर्यंत सरकारनं कोळसाखाणी ताब्यात घेतल्या. (तेव्हाचे मालक किती हळहळले असतील!) चासनाला नावाची खाण तर सरकारी व्यवस्थापनाखालीच होती. तिथे 1975 मध्ये जुन्या खाणीत तुंबलेलं पाणी फुटून आत घुसलं, 375 गेले. दोघांना शिक्षा झाली ती 2012 मध्ये, एकेक वर्षाची. आणि 2020 पासून खुल्या विक्रीच्या कोळशासाठी लिलाव सुरू होऊन पट्टे पुन्हा तुमच्यासारख्यांच्या पदरात.

बाकी, ऑफिसच्या भाडेकरारावर सही करण्याआधी अग्निशमनाचा दाखला मागा. दुसरा जिना आहे ना, तोही स्वतः उतरून बघा. एकविसावा मजला आहे शेठ.