आनी, पानी आणि फेला

शाळेच्या ग्रुपवर चार दिवस जुंपलीय. कुणीतरी गॅदरिंगचा व्हिडिओ टाकला, त्यात पाचवीची पोरं वऱ्हाडी गाणं म्हणतायत. 'पानी', 'कोन', सगळं 'न'चं. लगेच पुण्यात फ्लॅट घेतलेल्या आमच्या एका दोस्ताचा मेसेज : "मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, आता तरी पोरांना शुद्ध बोलायला शिकवा." तुझे आईवडील अकोटात अजून पानीच पितात ना रे, असं मी टाइप केलं. मग पुसलं.

तेव्हा मी नायजेरियात, लेगोसच्या इकोरोडू रोडवर गो-स्लोमध्ये (इथे ट्रॅफिक जॅमला हेच म्हणतात) अडकलो होतो आणि ड्रायव्हरने इथला गाजलेला गायक फेला लावला होता. फेला कुटीचं एक गाणं संपेपर्यंत इलुपेजूहून पुढची मेरीलँड वस्ती यायला हवी. येत नाही, ते सोडा.

फेला काही झोपडीतून आलेला नव्हता. बाप अबेओकुटाचा पाद्री आणि हेडमास्तर. आई फुनमिलायो, बायकांवरच्या कराविरुद्ध हजारो बायका रस्त्यावर उतरवणारी. 1958 साली घरच्यांनी त्याला डॉक्टर व्हायला लंडनला पाठवलं, त्याने संगीताच्या कॉलेजात नाव घातलं. झकपक इंग्रजी येत होतं. तरी गाण्यासाठी त्याने पिजिन धरली, म्हणजे इथली मोडकी, मिसळलेली इंग्रजी, बाजारातली, डान्फोच्या (इथल्या मिनीबसच्या) कंडक्टरची. नुसत्या घरच्या योरुबात गायलं तर योरुबा लोकांपुरतंच राहिलं असतं. पिजिन लेगोसपासून घानातल्या अक्रापर्यंत कळते.

आणि कळली म्हणूनच मार खाल्ला. हुकमाशिवाय पाऊल न उचलणाऱ्या शिपायांना त्याने 'झोंबी' म्हटलं, पोरंटोरं रस्त्यात तसं चालून दाखवायला लागली. 18 फेब्रुवारी 1977 ला हजारभर सैनिक त्याच्या कलाकुटा नावाच्या घरावर चालून आले. घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. चौकशीत गुन्हेगार कोण निघाला? 'अज्ञात सैनिक'. हेच गाणं शुद्ध भाषेत असतं तर बराकीत कुणाला पत्ताही लागला नसता. (माणूस संत होता असं नाही. 1978 मध्ये एकाच मांडवात 27 लग्नं केली त्याने. ग्रुपवर हे सांगितलं असतं तर भाषा राहिली असती बाजूला.)

मी हे सगळं त्या दोस्ताला ऐकवणार होतो. पण इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मेसवर लोक हसले, आणि दिवाळीपर्यंत माझा 'न' गळून 'ण' आला होता. कुणी बळजबरी केली नव्हती.

ड्रायव्हर फोनवर भावाशी पिजिनमध्ये खिदळतो. फोन ठेवला की माझ्याकडे वळून शाळेतल्या इंग्रजीत म्हणतो, "सर, रस्ता आता मोकळा होईल." नऊ वर्षं झाली. माझ्याशी पिजिन एकदाही नाही.

काल आईचा फोन होता. नळाला चार दिवसांनी पाणी आलं म्हणाली. माझ्याशी बोलताना ती हल्ली 'पाणी' म्हणते, 'ण'पाशी जरा थांबून.