शाळेत झालंय म्हणे सगळं!

‘बुद्ध, अशोक, नालंदा हे शाळेतच झालंय. चार दृश्यं पाहून राजपुत्र घर सोडून गेला, अहिंसेमुळे देश दुबळा झाला, शंकराचार्यांनी वादात हरवलं, खिलजीने नालंदा जाळलं, ग्रंथ सहा महिने जळत होते, विषय संपला. मग कॉलेजात वेगळा कोर्स कशाला? हा अभ्यास नव्हे, प्रचार. पाली शिकून नोकरी कोण देणार? आणि विहार म्हणजे तरी काय, ऐतखाऊंचे मठ!’

महिन्याभरात हा मजकूर मला व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांवर आला. त्यातला एक आमच्या बँकेच्या पेन्शनरांचा, म्हणजे रोख माझ्यावरच. निवृत्तीनंतर मी बौद्ध धर्माच्या इतिहासाचा वर्षभराचा प्राथमिक कोर्स केला, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा एकेक वाक्य घेतो.

चार दृश्यं. म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी. मीही हेच पाठ केलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी मज्झिम निकायातलं (निकाय म्हणजे बुद्धवचनांचे जुने पाली संग्रह) अरियपरियेसन सुत्त वाचायला दिलं. त्यात बुद्ध स्वतःच्या तोंडाने सांगतात: केस काळेभोर असताना, भर तारुण्यात, आईवडील नको म्हणत असताना, रडत असताना मी मुंडण करून घराबाहेर पडलो. चार दृश्यं नाहीत, मध्यरात्रीचा घोडा नाही. निकायांमध्ये दृश्यांची गोष्ट येते ती दीघ निकायातल्या महापदान सुत्तात, आणि तीही विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची. पुढच्या चरित्रकारांनी ती गौतमाला लावली. हे दाखवून देणाऱ्यांत आपले धर्मानंद कोसंबी होते, गोव्यातल्या साखवाळचे, पालीसाठी सिलोनपर्यंत गेलेले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलेले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे पटतं का, असा प्रश्न बाबासाहेबांनीही आपल्या शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उभा केला. शाळेत यातलं काय झालं होतं, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

अहिंसेने दुबळं केलं, यावर फार वेळ घालवत नाही. अशोकाने कलिंगानंतर सैन्य मोडीत काढल्याचा पुरावा नाही. पश्चात्तापाच्या त्याच तेराव्या शिलालेखात तो जंगलातल्या टोळ्यांना दमही देतो. बिहार-बंगालचे पाल राजे बौद्ध होते आणि सुमारे चारशे वर्षं राज्य करून राहिले. ते काही फुलं वाहून नव्हे.

शंकराचार्यांचं वाक्य जरा सावकाश पाहू. त्यांचा काळ साधारण आठवं शतक धरतात. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, सातव्या शतकात, ह्युएनत्संगला श्रावस्ती उजाड दिसली, कपिलवस्तू ओस. म्हणजे काही ठिकाणी पडझड आधीच झाली होती. याउलट विक्रमशिलेचा विहार पाल राजा धर्मपालाने उभारला तो आठव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीत शके ७९९ चा, म्हणजे इ.स. ८७७-७८ चा दानलेख आहे. दक्षिणेत नागपट्टिणमला सुमात्रातल्या श्रीविजय राज्याच्या राजाने चोळांच्या पाठिंब्याने विहार बांधला तो अकराव्या शतकाच्या सुरुवातीला. एका वादसभेत हरून संपलेला धर्म पुढे तीनशे वर्षं इमारती बांधत राहिला, असं मानायचं का? ऱ्हास झाला, पण प्रदेशागणिक वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणांनी: राजाश्रय सरला, व्यापाराचे मार्ग बदलले, गृहस्थांचे विधी भिक्षूंच्या हाती कधी फारसे नव्हतेच. ‘संपला’ हेही खरं नाही. लडाखमध्ये, चितगावच्या बरुआंमध्ये, काठमांडूच्या नेवारांमध्ये तो चालूच होता.

आता नालंदा. इथे माझं स्वतःचंच मत बदललं, म्हणून सविस्तर लिहितो. मिन्हाज-ए-सिराज हा सुलतानांच्या दरबारचा इतिहासकार. बख्तियार खिलजीच्या स्वारीत लढलेला एक माणूस त्याला १२४३ साली भेटला, त्याच्याकडून ऐकून त्याने लिहिलं. एक ‘किल्ला’ घेतला, मुंडण केलेले सगळे रहिवासी मारले, आत पुस्तकं ढिगाने सापडली, पण ती वाचून सांगणारा कोणी जिवंत उरला नव्हता. मग कळलं की हा किल्ला नव्हे, विद्यापीठ, ‘बिहार’. कत्तल त्यांच्याच लेखणीतून कबूल आहे, ती पुसायचं कारण नाही. पण त्यात नालंदाचं नाव नाही आणि ग्रंथ जाळल्याचाही उल्लेख नाही. बहुतेक अभ्यासक ती जागा ओदंतपुरी, म्हणजे बिहारमधलाच दुसरा विहार, मानतात. सहा महिन्यांची आग कुठून आली, ते व्हॉट्सअ‍ॅपलाच ठाऊक.

आणि त्या स्वारीनंतरही, १२३५ च्या सुमारास, धर्मस्वामी हा तिबेटी भिक्षू नालंदात पोचला, तेव्हा तिथे नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. खर्च जयदेव नावाचा ब्राह्मण उपासक करत होता. तुर्कांची धाड येतेय असं कळल्यावर बाकीचे पळाले, धर्मस्वामीने म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेऊन लपवलं. (आमच्या वर्गात हे वाचताना कोणी बोललं नाही.) विरुद्ध बाजूचे लोक लगेच दुसरी गोष्ट काढतात: नालंदाचं ग्रंथालय दोन चिडलेल्या तीर्थिकांनी, म्हणजे बौद्धेतर साधूंनी, जाळलं. ती येते तारनाथ या तिबेटी लेखकाच्या १६०८ च्या ग्रंथात, शेकडो वर्षांनी लिहिलेली, चमत्कारांनी भरलेली. दोन्ही गोष्टींना एकच प्रश्न: कोणी, कधी, कशावरून लिहिलं? वर्षभर आम्ही तेवढंच केलं. याला प्रचार म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या वर्गात वंदना म्हणणारे होते तसे जानवं घालणारेही होते, आणि बाईंच्या लाल पेनातून दोघांचेही निबंध सुटले नाहीत.

नोकरीचं खरं आहे. या प्रमाणपत्रावर कोणी नोकरी देणार नाही. पुढे एम.ए. करून संग्रहालयात, लेण्यांच्या कामात किंवा शिकवण्यात जाता येतं, पण जागा थोड्या.

राहिले ऐतखाऊ. आमची सहल नाशिकला पांडवलेण्यांत गेली. दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, प्राकृतात. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० ‘पायून’ दराने. पायून म्हणजे आपलं पाऊण! पहिल्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. मी तिथेच बोटांवर हिशोब केला: २००० वर वर्षाला २४०, वीस गुणिले बारा २४०. पैचा फरक नाही. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून फलकावर नोंदवला, असंही कोरलंय. म्हणजे विहाराची ठेव विणकरांच्या मागावर फिरत होती आणि तिचं व्याज भिक्षूंच्या अंगावर कापड होऊन येत होतं. आणि हाच उषवदात ब्राह्मणांनाही हजारो गाई दिल्याचं शेजारीच अभिमानाने सांगतो.

हे सगळं गटावर टाकलं. मजकूर पाठवणारे आमचे जुने मॅनेजर दोन दिवस गप्प होते, मग एवढंच विचारलं: ‘व्याज सरळ की चक्रवाढ?’

सरळ, साहेब. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त वाढ खायची, असं दगडात लिहून दिलंय.