रोकड वाचवू पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

आपण बँकेत, पतसंस्थेत, सराफी पेढीवर किंवा पेट्रोल पंपावर नोकरीला असाल आणि एखाद्या दुपारी तोंडाला रुमाल बांधलेले दोघे-तिघे आत शिरून आपल्यावर गावठी कट्टा रोखून उभे राहिले, तर काय करावे हा प्रश्न मुळात पडूच नये. अर्थातच मध्ये पडावे. तो कट्टा खरा आहे की जत्रेतला, चालेल की ऐनवेळी दगा देईल, हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे आणि त्या प्रयोगासाठी आपल्याइतका सोयीचा माणूस संस्थेपाशी दुसरा नाही.

मात्र त्यासाठी विम्याचा विचार आधी मनातून काढून टाकावा लागेल. तिजोरीतली, काउंटरवरची आणि वाटेवर असलेली अशी सगळ्या प्रकारची रोकड बँका विम्याखाली ठेवतात, हप्ते वेळच्या वेळी भरतात आणि लूट झालीच तर एफआयआरची प्रत जोडून रीतसर दावा दाखल करतात; बँक लुटली गेली म्हणून ठेवीदाराच्या खात्यातून एक पैसाही वजा होत नाही. ही माहिती ऐन प्रसंगी डोक्यात घोळत राहिली तर हातून शौर्य घडणे कठीण, आणि बहुधा म्हणूनच ती काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यांना फारशी कुणी सांगत नाही.

त्याऐवजी रोज संध्याकाळी रोकड जुळवण्याची वेळ आठवावी. पाचशेची एक नोट कमी भरली की रोखपाल सगळी बंडले पुन्हा मोजतो, स्लिपा पुन्हा चाळतो, टेबलाखाली वाकून पाहतो आणि शेवटी स्वतःच्या पाकिटातली नोट काढून हिशेब पुरा करतो. पंपावर नोझल धरणाऱ्या मुलाचा गल्ला कमी भरला तर फरक पगारातून जातो. असा पगार कापायचा तर नुकसान कर्मचाऱ्याच्याच निष्काळजीपणामुळे झालेले असावे आणि त्याला आपली बाजू मांडू द्यावी, अशी अट 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. पण गल्ल्यावरच्या मालकाला भर दुपारी कायदा वाचून दाखवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर असतोच असे नाही. पाचशे रुपयांसाठी वर्षानुवर्षे घाम फुटत आलेला माणूस डोळ्यांदेखत लाखाची बंडले पिशवीत जाताना पाहतो, तेव्हा तो झेप घेतो ती बऱ्याचदा सवयीने. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिलाच प्रसंगावधान म्हणतात.

झेप कुणी घ्यायची, याचाही एक अलिखित शिष्टाचार आहे. ज्याचा पगार जास्त, तो दारापासून लांब बसतो. ज्याचा कमी, तो दाराशी असतो. 29 डिसेंबर 2021 रोजी मुंबईत दहिसरच्या एका बँक शाखेत दोघे जण शिरले, त्यांच्या गोळीने एका तरुणाचा जीव गेला आणि ते सुमारे अडीच लाख रुपये घेऊन पळाले. तो तरुण बँकेचा कायम कर्मचारी नव्हता, कंत्राटी होता. लुटारू पुढे लवकरच पकडले गेले, म्हणजे जे काम पोलिसांचे होते ते पोलिसांनीच केले.

दाराशी सुरक्षारक्षक नसतो का, असे कुणी विचारील. असतो, आणि त्याच्या खांद्याला बारा बोअरची बंदूकही असते. परंतु पेन्शनरांच्या स्लिपा भरून देणे, पासबुक छापण्याच्या रांगेतली भांडणे मिटवणे आणि साहेबांचा चहा आला का ते पाहणे यांतून त्याला तिच्याकडे पाहण्यास सवड मिळत नाही. साखळी लावून अर्धवट उघडे ठेवलेल्या त्या जाळीच्या दारातून सत्तर वर्षांच्या आजी रोज कमरेत वाकून आत येतात. लुटारूंनाही तसेच वाकावे लागते, एवढाच काय तो सुरक्षा व्यवस्थेचा त्यांना होणारा त्रास.

कायद्याची चिंता नसावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 अन्वये जबरी चोरीपासून मालमत्तेचे रक्षण करताना, आवश्यक तेवढ्याच बळाच्या मर्यादेत राहून, हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत आपला हक्क पोहोचतो. संहितेने एवढा मोठा अधिकार दिला असून आपल्या हाताशी त्यासाठी स्टेपलर, टाचण्यांची उशी, रबरी शिक्के आणि नोटा मोजताना बोट ओले करण्याच्या स्पंजची डबी असते. संरक्षणाची तयारी नाही असे म्हणता येणार नाही.

पायाखालच्या धोक्याच्या बटणाचा निर्णय मात्र आपला आपणच घ्यावा. दाबले आणि भोंगा ऐकून बिथरलेल्या लुटारूने गोळी झाडली, तर एवढी घाई कशासाठी केली याचा खुलासा द्यावा लागेल. न दाबले, तर कारणे दाखवा नोटीस येईल. निमूटपणे पैसे द्यावेत, चेहरे, आवाज, उंची आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवावा, ते गेल्यावर दार लावून 112 ला फोन करावा आणि कशालाही हात लावू नये, असा एक नेभळट मार्ग आहे खरा. सुरक्षेच्या प्रशिक्षणात तोच शिकवतात. पण तो पाळणाऱ्याला 26 जानेवारीला शाल-श्रीफळ मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आता थोडे मागे राहणाऱ्यांविषयी. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने कामावर मेलेल्या माणसासाठी सूत्र घालून दिले होते आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे: महिन्याचा पगार निम्मा करायचा आणि त्याला वयाच्या गुणकाने गुणायचे. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक 184.17 असतो, आणि 2020 साली पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये ठरवण्यात आली, म्हणजे हातात पंचवीस हजार येत असले तरी हिशेब पंधराचाच. गुणाकार 13,81,275 रुपये येतो. अर्थात आपण कंत्राटी असाल तर नेमके कुणाचे कर्मचारी होतात, यावर संस्था आणि कंत्राटदार यांचा पत्रव्यवहार आधी पूर्ण व्हावा लागेल. तेव्हा लुटारूवर झेप घेण्यापूर्वी नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि वारसाचे नाव भरलेला अर्ज प्रत्येकी तीन प्रतींत, साक्षांकित करून, वरच्या खणात ठेवावा. खणाची किल्ली सोबत नेऊ नये.