टॅक्स थकलेलं घर लिलावात घ्यावं का? कट्ट्यावर रात्री एकपर्यंत चाललेला वाद

आमचा एक मित्र अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला असतो, डोंबिवलीला आला की जेवण झालं रे झालं टपरीसमोरच्या कट्ट्यावर हजर. यावेळी बसता बसताच म्हणाला, पहिली प्रॉपर्टी घेतोय, टॅक्स थकलेली. टेक्सासमध्ये घरपट्टी थकली की प्रकरण कोर्टात जातं, निकाल लागला की महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव, आणि मूळ मालकाला घर सोडवून घ्यायचं असेल तर तुमचे पैसे अधिक 25 टक्के द्यायचे. म्हणजे घर राहिलं तरी फायदा, गेलं तरी फायदा, असं याचं गणित.

पक्या तर उडालाच, म्हणे इथे एफडीवर सात टक्के मिळवताना नाकी नऊ येतात आणि तुम्हाला 25!

आमच्यातला वकील मोबाईलवर कायदाच उघडून बसला. म्हणाला, राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर मालकाला सोडवायला 2 वर्षं आहेत, दुसऱ्या वर्षी 50 टक्के द्यावे लागतात, बाकी बहुतेक प्रॉपर्टीला 180 दिवस. पण तेवढ्यात तू हौसेने नवीन किचन केलंस आणि मालक पैसे घेऊन आला तर किचनचा खर्च बुडाला समज, त्याने द्यायच्या रकमेत विमा, सांभाळायचा खर्च, नियमाने करावीच लागणारी दुरुस्ती असलंच काय ते धरतात. मग 2 वर्षं घर तसंच ठेवणार का? शिवाय डीड, म्हणजे खरेदीखत, मिळते ती कसलीही हमी नसलेली, टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा, विमा देणारे सहजासहजी हात लावत नाहीत, विकायला काढलंस की आधी टायटल साफ करायला कोर्टात जा. नवख्याने बोलीचा आकडा बघायचा आणि हे बघायचंच नाही, म्हणजे मेलाच तो.

मला मात्र वेगळंच खुपत होतं. घरपट्टी थकते कशाने? आपल्याकडे म्हातारा जातो, वारस नोंद होत नाही, कोणी भरायची यावर तीन भावांची पाच वर्षं जातात. तिकडेही मृत्युपत्र नाही, मुलं चार राज्यांत, बिल येतं मेलेल्याच्या नावाने, असं होतंच. मिनेसोटातल्या जेराल्डिन टायलर आजींची थकबाकी दंड, व्याज धरून 15 हजार डॉलर, काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, त्यांचा फ्लॅट 40 हजाराला विकला आणि उरलेले 25 हजारही स्वतःच ठेवले. आजी 94 वर्षांच्या असताना, 2023 मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

मित्र म्हणाला टेक्सासमध्ये वरचे पैसे कोर्टात जमा होतात, मालक 2 वर्षांत मागू शकतो. अरे हो, पण कोर्टाची नोटीसही मेलेल्याच्याच नावाने आली तर मागायचे असतात हे वारसांना कोणी सांगायचं?

त्यावर त्याने फोन पुढे केला, गाडीतून जाता जाता काढलेला घराचा फोटो. बघ, रिकामंच आहे, गवत वाढलंय. मी फोटो मोठा केला. दाराला लाकडी रॅम्प, व्हीलचेअरसाठी घालतात तसा, आणि कठड्यावर ओला टॉवेल.

कोणीच काही बोललं नाही. मग वकील म्हणाला, 65 किंवा त्यापुढचा किंवा अपंग मालक तिथे राहत असेल तर एक प्रतिज्ञापत्र दिलं की वसुली पुढे ढकलली जाते, लिलावही थांबतो, टॅक्स आणि व्याज मात्र साठत राहतं. मित्राने ते नीट लिहून घेतलं. म्हणाला, गेल्या गेल्या फॉर्मची प्रिंट काढतो आणि स्वतः जाऊन दार वाजवतो.

मग पक्याने विचारलं, यादीत अजून काय आहे? एक मोकळा प्लॉट निघाला. त्यावर बोलत आम्ही एकपर्यंत बसलो, रस्ता आहे का, शेजारी कोण, 2017 च्या हार्वे वादळात तिथे किती पाणी होतं. यातलं एकही त्याला माहीत नव्हतं. पुढचे तीन लिलाव नुसतं जाऊन बघणार, बोली लावणार नाही, असं कबूल करूनच उठला.