मुलींच्या संडासाचं बिल ही कुणाची खाजगी बाब?

आज दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. उघडलं, वाचलं आणि डोकंच फिरलं. माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला चार ओळींचं उत्तर. ‘मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही.’ खाली सही, शिक्का आणि तीस दिवसांत अपील करण्याची मुभा. केवढी मेहेरबानी!

मी काय मागितलं होतं? कुणाचा पगार नाही की कुणाच्या बायकोचं नाव नाही. माझ्या मुलीच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाच्या दुरुस्तीचं बिल आणि त्या महिन्याची कॅशबुकची पानं. एवढंच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना भरून. महाराष्ट्रात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर मागायचं असतं, तेही पाळलं.

पोरगी सहावीत आहे, झेडपीच्या शाळेत. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तश्शी परत येते. का गं, तहान लागत नाही का? तर म्हणते, ‘पाणी प्यायलं की जावं लागतं ना, मम्मी.’ जायचं कुठे? मुलींच्या संडासाला कुलूप. किल्ली कुणाकडे, हे शाळेत कुणी सांगत नाही. दाराची खालची फळी कुजलीय, त्यातून वाकून बघितलं तर आत नळाच्या जागी नुसता पाईप बाहेर आलेला.

आता गंमत ऐका. माझी धाकटी जाऊ शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कायद्यात या समितीवर तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बायका लागतात. छान आहे कायदा. ती कणीक मळत होती आणि सातवीतला एक पोरगा इतिवृत्ताची वही घेऊन दारात. ‘काकू, सरांनी सही मागितलीय.’ तिने हात पुसला, सही केली, परत परातीत हात घातला. झाली सभा! मी शेजारीच उभी होते, सहज पान वाचलं. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून खर्चास मंजुरी देण्यात येते.’

दुरुस्ती पूर्ण. आणि आमची बाटली भरलेलीच.

म्हणून अर्ज टाकला. तर कार्यालयातला बाबू विचारतो, ‘ताई, कशासाठी हवंय?’ कायद्यात कलम ६(२) आहे, कारण सांगायची गरज नाही. मी तसं म्हटलं तर त्याने असं बघितलं जणू मी त्याच्या घरात शिरलेय. रात्री सरांचा फोन. ‘ताई, चहाला या ना शाळेत, कागद कशाला मागताय?’ आमचे हे म्हणाले, पोरगी तिथेच शिकतेय, वाकड्यात शिरू नकोस. भीती तीच. गावात जो तो ह्याच भीतीने गप्प बसतो.

हे ‘व्यक्तिगत’चं प्रकरण काय आहे तेही सांगते. आधी ८(१)(जे) मध्ये अट होती. माहिती व्यक्तिगत हवी आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नको, किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला पडत असेल, तर नाकारा. जनहित मोठं असेल तर तरीही द्या. शिवाय विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असं एक सुंदर वाक्य होतं. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते सगळं छाटलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झालं. आता उरलं काय, तर व्यक्तिगत माहिती असली की नाही म्हणा. ठेकेदार व्यक्ती आहे, म्हणून त्याचं बिल व्यक्तिगत! उद्या खडूचा खोकासुद्धा व्यक्तिगत म्हणतील, कारण तो कुणीतरी व्यक्तीने विकलाय.

आणि हो, पोरांचे आधार नंबर, जाती, आजार, कुणाच्या घरात काय चाललंय हे बाहेर येऊ नये, अगदी मान्य. मग त्या ओळी काळ्या करा आणि बाकीचा कागद द्या, कलम १० त्यासाठीच आहे. माहिती अधिकार टाकून शाळांकडून पैसे उकळणारे महाभागही आहेत, माहीत आहेत मला. त्यांना पकडा की. माझ्या पोरीच्या संडासावर त्यांचा राग कशाला काढता?

सरांबद्दल मात्र सगळं वाईट लिहवत नाही. दोन शिक्षक, एवढे सगळे वर्ग, त्यात रोज ऑनलाइन माहिती भरा, फोटो टाका, पोषण आहाराचा तांदूळ मोजा. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पोरं असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजार अनुदान ठरलंय, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर लावायचे. तेही कधी वेळेवर येतं, कधी नाही. माझ्या पोरीला अपूर्णांक ह्याच माणसाने शिकवले, शाळा सुटल्यावर थांबून. बिल वरून कुणी आणून ठेवलं असेल आणि ह्यांना फक्त सही करायला लावली असेल, असंही मला वाटतं. तसं असेल तर कागद बाहेर आल्याने सरच सुटतील ना! तेच लपवायला मदत करतायत, ह्याचं वाईट वाटतं.

पण लपवून काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय. नांदेडमध्ये बोगस पट, म्हणजे फक्त कागदावरची पोरं, सापडला, मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजावं लागलं, कारण हजेरीपटावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या ऑनलाइन पगारासाठी लागणाऱ्या नंबरचं) प्रकरण, नेमणुकाच खोट्या आणि पगार खरे. ते हजेरीपट, त्या नेमणुकांच्या फायली गावातल्या चार माणसांनी वेळेत चाळल्या असत्या तर?

अपील करणार आहे. जोडपत्र ‘ब’ हा अपिलाचा नमुना, वीस रुपयांचा स्टॅम्प. कलम ८(२) अजून कुणी छाटलेलं नाही, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते ठळक लिहिणार. तिथेही नाही म्हणाले तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तो निकाल येईपर्यंत पोरगी दहावी झालेली असेल हे मलाही कळतं.

म्हणून दुसरी वाटही धरतेय. २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयात जाऊन फायली बघता येतात. येत्या सोमवारी मी जातेय. माझी जाऊही येतेय, तिने सही केलीय तर तिला बघायचंच आहे कशावर केली ते. आपल्या शाळेतल्या आणखी कुणाच्या मुली बाटली भरलेली परत आणत असतील, तर दीडच्या एसटीला स्टँडवर भेटा. ओळखपत्र आणि वही घ्या. आणि त्या आठ-एक-जेची कुणाला भीती वाटत असेल तर अर्ज माझ्या नावाने देऊ, माझं नाव तसंही आता त्यांच्या तोंडपाठ आहे.